साडेचारशे ग्रॅम

तिचं नाव आता जर्मन माणसं नीट घेतात म्हणे,
केतकी टिपणीस, 'ट' आणि 'ण' सकट.
मी तेव्हा वाशीत, सेक्टर नऊला, तिच्या बरोबर खाली,
कांदा-बटाटा बाजारातला मापाडी.
पहाटे तीनला काट्यावर उभा,
दुपारी दोनला आडवा,
आणि सव्वादोनला
डोक्यावर व्हायोलिन सुरू.

व्हायोलिन कसलं, करवत.
नऊ वर्षांची पोर एकच ओळ
चाळीस वेळा कापायची,
चाळीसही वेळा तिथेच अडकायची,
चौथ्या सुरानंतर, जिथे बोट जरा खाली पडायचं.
मी कोपऱ्यातला बांबू घेऊन
छताला दोनदा ठोकायचो.
सिडकोचं छत. गिलावा माझ्याच ताटात.

एकदा जिन्यात गाठलं तिला.
म्हटलं, पोरी, आमच्यात काटा थांबल्याशिवाय
आकडा बोलत नाहीत.
वाटलं रडेल.
ती म्हणाली, "काका, कमी पडतंय की जास्त?"
मला काय ठाऊक! पण मापाड्याने
'ठाऊक नाही' म्हणायचं नसतं.
म्हटलं, "केसभर कमी."
दुसऱ्या दिवशी सव्वादोनला तिने केसभर वर नेलं
आणि मी झोपलो.

पुढे गळ्यावर डावीकडे डाग पडला तिच्या.
शेजारणी कुजबुजल्या, आई हळद लावायची.
मी रोज हमालांच्या पाठी बघणारा.
गोणी जिथे टेकते तिथली कातडी काळी होते,
एवढं साधं होतं ते.

मग गेली.
कुठल्याशा थंड गावात स्पर्धेत तिसरी आली.
कुणी वादक तापाने पडला, त्याच्या जागी उभी राहिली,
त्यानंतर वर्षाला ऐंशी शहरं.
टिपणीसबाई पेढे घेऊन यायच्या,
गावाचं नाव जिभेवर अडलं
की पेढा हातावर ठेवून मोकळ्या व्हायच्या.
मी खडखडणारा जुना पंखा विकत आणला.
दुपारी त्याशिवाय डोळा लागेना.

एका सुट्टीत पेटी घेऊन आली.
आतलं व्हायोलिन तीनशे वर्षांचं, एका बँकेचं,
विमा उतरवून वाजवायला दिलेलं.
मी हात दोनदा धुतले, तरी कांद्याचा वास.
तिने ते तसंच तळहातांवर ठेवलं.
"काका, वजन?"
डोळे मिटले. "साडेचारशे ग्रॅम. दहा इकडेतिकडे."
मध्यम आकाराचे चार कांदे.
आणि किंमत, ती हसत म्हणाली,
आपली अख्खी सोसायटी, पाण्याची टाकी धरून.
परत घेताना तिची करंगळी
काट्यासारखी थरथरली.
मी टिपलं. बोललो नाही.

यंदा आली ती मोकळ्या हातांनी.
करार संपला, बँकेने ते दुसऱ्या कुणाला दिलं,
विशीतल्या.
करंगळीचं डॉक्टर सहा महिने म्हणतात,
ती काहीच म्हणत नाही.
बाजारात आता इलेक्ट्रॉनिक काटे आलेत,
आकडा आपला आपण थांबतो.
मीही घरीच असतो.

काल सव्वादोनला वरून आवाज आला.
पंधराव्या वर्षी बाबांनी हप्त्यांवर घेतलेलं,
माळ्यावरून काढलेलं असणार.
तीच ओळ.
चौथ्या सुरानंतर बोट खाली पडलं,
केसभर नाही, चांगलं पावशेर.
थांबली.
पुन्हा तीच ओळ, पुन्हा तिथेच.

बांबू कधीच कुणीतरी कपडे वाळत घालायला नेला होता.
झाडूचा दांडा घेतला,
दोनदा ठोकलं.
गिलावा डोक्यावर पडला, थोडा चहात.

वर बराच वेळ काही नाही.
मग खुर्ची सरकली, कडी निघाली,
आणि जिन्याच्या कठड्यावरून वाकून
चाळिशी उलटलेल्या बाईचा आवाज,
"काका, कमी की जास्त?"

मी आधी डोक्यावरचा चुना झटकला.